चुना, काव आणि चंदगडातले चार महिने

गाव चंदगड तालुक्यात, तिलारीच्या रस्त्यावरून आत वळून. नाव सांगत नाही, कारण पुढे दोन भावांच्या बांधाचं भांडण येणार आहे.

एका संस्थेनं मला तिथे चार महिने राहायला बोलावलं होतं. ओस पडत चाललेली गावं पुन्हा नांदती करायची, हे त्या संस्थेचं काम. विहिरींचा गाळ काढणं, काजू फोडणाऱ्या बायकांचे गट बांधणं, कुलूप लागलेल्या गावकीच्या इमारती उघडणं. त्यात चित्रकारीण कशाला, हे मला कुणी नीट सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कागदावर ‘रेसिडेन्सी’ लिहिलं होतं. राहायला खोली, महिन्याला मानधन आणि बदल्यात बारा ‘बोलक्या भिंती’. मी कोल्हापुरात शिकलेली, वीस वर्षं कॅनव्हासवर काम केलेली. बारा भिंती म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात एक भिंत झाली. तिच्यापायी जे कळलं ते इथे लिहिते. क्रम माझ्या फजितीचा आहे.

१. तारखा पावसाला विचारून घ्याव्यात

करार १ जून ते ३० सप्टेंबर असा होता. ज्यानं तारखा टाकल्या त्याच्यापुढे हिशेबाची वही असणार, पंचांग नसणार. दोष एकट्या त्याचा नाही. कोल्हापूर शहरातल्या माणसाला पाऊस म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, एवढंच ठाऊक असतं. चंदगड सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. पलीकडे उतरलं की तळकोकण आणि गोवा. घाट चढून आलेला ढग पहिल्यांदा इथे रिकामा होतो.

मी हुशारी करून मे महिन्याच्या शेवटीच पोचले आणि शाळेची दर्शनी भिंत धरली. प्रायमर, वर बाहेरच्या कामाचं महागडं इमल्शन, पाच दिवसांत भातलावणीचं चित्र पुरं. हिरव्या-लाल लुगड्यांतल्या सात बायका ओणव्या. फोटो पाठवला, शाबासकी आली.

मृग निघाला, आर्द्रा लागली आणि भिंतीवर फुगे यायला लागले. बोटानं दाबलं की आत पाणी. मग पापुद्रे सुटले. भिंत जांभ्याची होती. जांभा पाणी पितो. पायातून ओल चढते, वरून पागोळ्या मारतात आणि उघडीप मिळाली की तो ती ओल हवेत सोडून देतो. शेकडो वर्षं त्याचं असंच चाललंय. मी त्याच्या तोंडाला प्लास्टिक बांधलं होतं. ओलीला बाहेर पडायला वाट हवी होती, ती तिनं माझ्या चित्रातून काढली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सातही बायकांचे पाय गुडघ्यापर्यंत नाहीसे झाले.

दुसरीतल्या एका पोरानं विचारलं, “बाई, त्या चिखलात रुतल्या काय?”

माझ्या चित्रावर इतकं नेमकं आजवर कुणी बोललेलं नाही.

२. गाव सांगेल ते काम आधी करावं

चंदगडला कलावंताचं अप्रूप नाही. ‘स्वामी’कार रणजित देसाई याच तालुक्यातले, ताम्रपर्णीकाठच्या कोवाडचे. राजा रविवर्म्यावर कादंबरी लिहिणारा लेखक पुण्यामुंबईला न जाता शेतीवाडी सांभाळत इथे राहिला. तेव्हा शहरातून कुणी आलंय म्हणून गाव माझ्या अवतीभोवती गोळा होईल ही माझीच समजूत होती. आल्या दिवशी पारावरच्या म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, “काय करूलीस इथं?” चित्र काढते म्हटल्यावर तो म्हणाला, “मग बेंदराला शिंगं रंगव.”

रंगवली. चार बैलजोड्या, एक ट्रॅक्टरचं बोनेट. मग दूध संस्थेचा बोर्ड, एका टेम्पोच्या पाठीमागे देवाचं नाव, पिठाच्या गिरणीवर ‘उधारी बंद’. अक्षरं लिहायला मी आर्ट स्कूलमध्ये शिकले होते आणि कमीपणाचं काम म्हणून सोडूनही दिलं होतं. महिन्याभरात माझं नाव ‘पेंटरबाई’ पडलं. ते पडल्यावर दारं उघडली.

३. हत्तीला भिंतीवर बोलावू नये

कार्यालयातून भिंतींचे विषय आले होते. त्यात ‘आपली जैवविविधता’ होती आणि तिच्यात हत्ती होता. कर्नाटकातून, दांडेलीच्या बाजूनं आलेले रानहत्ती २००० नंतरच्या वर्षांत दोडामार्ग, चंदगड, आजरा या पट्ट्यात फिरू लागले. शहरातल्या माणसाला ही आनंदाची बातमी वाटते. मलाही वाटली. मी समाजमंदिराच्या भिंतीवर कोळशानं हत्तीची बाह्यरेषा काढली. चांगली जमली होती.

संध्याकाळी एक काकी येऊन उभ्या राहिल्या. गेल्या साली त्यांची केळीची बाग एका रात्रीत गेली होती. काजूची झाडंही मोडली होती. त्या त्याला हत्ती म्हणत नव्हत्या, कुणीच म्हणत नव्हतं. कुणी ‘गणपती’ म्हणे, कुणी वर्तमानपत्रातला शब्द उचलून ‘टस्कर’. त्या म्हणाल्या, “रात्री येतो तेवढा पुरे. दिवसा पण बघायचा काय?”

मी कोळसा पुसला. शाळेत पोरांना हत्ती काढायला सांगितला तर निम्म्या पोरांनी हत्ती काढलाच नाही. चिखलातला गोल पाय, मोडलेली केळ, फटाके घेऊन पळणारा बाप. मी काढलेल्या हत्तीपेक्षा हे सगळं जास्त हत्ती होतं.

४. चित्राआधी छप्पर

संस्थेनं उघडलेली जुनी चावडी हे आमच्या कामाचं मुख्य ठिकाण. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, वर मंगळुरी कौलं. त्यातली कैक फुटलेली, वासे वाळवीनं पोखरलेले. अंदाजपत्रकात रंगाला पैसे होते, ब्रशला होते, उद्घाटनाच्या फलकालाही होते. शाकारणीला नव्हते. रंगाच्या पैशातून कौलं घेता येणार नाहीत, खातं वेगळं, असं उत्तर आलं.

चित्रकारानं अशा वेळी काय करावं? मी पत्रं लिहिली. चार पत्रं आणि एक लाजिरवाणा फोन झाल्यावर परवानगी आली आणि भर पावसात, उघडीप बघून, गावच्या पोरांनी दोन दिवसांत कौलं बदलली. त्या चार महिन्यांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगी काम ती पत्रं होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

५. कार्यशाळा फुकट नसते

पुनर्वसूचा पाऊस, ज्याला तरणा पाऊस म्हणतात, तो लावणीचा. मी त्याच दिवसांत महिलांसाठी ‘मोफत कला कार्यशाळा’ लावली. बोर्ड मीच लिहिला होता, झोकात. आल्या दोन म्हाताऱ्या, त्याही पाऊस चुकवायला.

बाकीच्या रोप लावायला गेल्या होत्या. लावणीच्या दिवसांत बाईची हजेरी बुडाली तर ती परत मिळत नाही आणि इर्जिकीनं एकमेकींच्या शेतात जायचं असेल तर शब्दही मोडतो. माझ्या मोफत शिबिराची किंमत तिनं तिच्या मजुरीतून भरायची होती. पुढच्या वेळी मी म्हाताऱ्या पावसाच्या शेवटी, लावण्या आटोपल्यावर, शेतातल्या हजेरीएवढेच पैसे देऊन बोलावलं. अकरा जणी आल्या. एकीनं विचारलं, “चित्राचे पैसे, की बसण्याचे?” भिंतीच्या कामाचे, म्हटलं. तेव्हा ती बसली.

६. भिंतीला काय हवं ते भिंतीला माहीत असतं

इथून पुढचं सगळं एका म्हाताऱ्या गवंड्याचं. चावडीची पडवी आता कोरडी झाली होती आणि तिची आतली लांब भिंत उघडी होती. मी नवा प्रायमर मागवणार होते. तो म्हणाला, “तुझा रंग भिंतीचं नाक दाबतो. चुना दाबत नाही.”

कळीचा चुना बेळगावहून आणला. इथे सगळं बेळगावहून येतं. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. खड्ड्यात पाणी सोडून चुना विझवला. ते दृश्य एकदा बघावं. दगड पाण्यात पडतो, क्षणभर काही होत नाही आणि मग सगळा खड्डा खदखदून उकळायला लागतो. जवळ उभं राहायचं नाही, डोळे सांभाळायचे. मग वर पाणी ठेवून झाकून टाकायचा, आणि वाट बघायची. मी विचारलं किती दिवस? “जमतील तेवढे.” नीट न विझलेला खडा गिलाव्यात राहिला तर तो महिन्यानं आतून फुलतो आणि भिंतीला देवीचे व्रण पडतात. तीन आठवडे आम्ही थांबलो. रेसिडेन्सीच्या अहवालात या तीन आठवड्यांसमोर काय लिहावं हे मला सुचेना. ‘चुना भिजत आहे’ असं लिहिलं.

लाल रंग विकत आणायचा नाही असं ठरलं. गावची माती लालच आहे. घाटाखाली सिंधुदुर्गात, गोव्यात, पुढे कारवार-कुमठ्यापर्यंत जुन्या देवळांच्या भिंतींवर काव आणि चुन्याची नक्षी असते. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा उघडा पाडायचा. ब्रश नाही, रेघ खरवडून काढायची. गवंड्यानं तरुणपणी सावंतवाडीकडे असलं काम पाहिलं होतं, केलं नव्हतं. मी पुस्तकात पाहिलं होतं. म्हणजे आम्ही दोघं मिळून अर्धे जाणकार.

काव बायकांनी केली. माती चाळली, पाण्यात कालवली, जाड खाली बसू दिलं आणि वरचं गढूळ पाणी लुगड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतलं. असं तीनदा. शेवटी तळाशी उरली ती साय. नाचणीचं सत्त्व काढतात तसंच हे, हे मला त्यांनी सांगितलं. मी सांगायच्या आधीच त्यांचं तिसरं पाणी चाललं होतं.

आणि पाऊस! ज्या पावसानं माझं इमल्शन धुऊन नेलं तोच चुन्याला मानवला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो आणि त्याला घाई चालत नाही. कडक उन्हात तो पटकन सुकून तडकतो. दमट हवेत, छपराखाली, तो सावकाश घट्ट झाला. एका वेळी हातभर रुंदीचा पट्टा लिंपायचा, त्यावर काव फिरवायची आणि ओली आहे तोवर काढून संपवायचं. मग नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचं. हत्यारं म्हणाल तर खुरप्याचं टोक, छत्रीची काडी, केसातला आकडा. माझे आयात केलेले पॅलेट नाइफ पेटीत राहिले.

७. हात मागे घ्यायला शिकावं

मला राहवत नसे. कुणाची रेघ वाकडी गेली की माझा हात पुढे. तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, “बाई, तुम्हीच काढा मग.” आणि तिनं आकडा केसात परत खोवला.

त्या रात्री मला भास्कर कुलकर्णी आठवले. बिहारात १९६६-६७ चा दुष्काळ पडला तेव्हा पुपुल जयकरांनी या मराठी चित्रकाराला मधुबनीला धाडलं. भिंतीवर लग्नाची चित्रं काढणाऱ्या बायकांपुढे त्यांनी कागद ठेवला. पुढे डहाणूजवळ गंजाडला वारल्यांच्या पाड्यावर तेच. तिथे लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. जिव्या सोमा म्हशे या पुरुषानं रोज चित्र काढायला घेतलं आणि त्यांना जगासमोर आणण्यात कुलकर्ण्यांचा वाटा मोठा होता. म्हशांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कुलकर्ण्यांची स्वतःची चित्रं मात्र आज किती जणांना आठवतात? मला एकही आठवलं नाही, आणि मी चित्रकलेच्या वर्गावर शिकवते.

कागदाबद्दल माझ्या मनात थोडी कुरकुर आहे. लग्नापुरता लिहिलेला चौक पुसून जायचा, पुढच्या लग्नाला पुन्हा लिहावा लागायचा, म्हणून हात पिढ्यान्‌पिढ्या चालता राहिला. कागदावरचं चित्र फ्रेममध्ये जातं आणि तिथेच थांबतं. पण दुष्काळात पोट कागदानं भरलं, हेही खरं. मुंबईत स्नेहा या संस्थेनं २०१५ साली धारावीत बिनाले भरवलं तेव्हाही कलावंत सोबतीला होते आणि वस्तू वस्तीतल्या लोकांनी केल्या होत्या. तिथे जाऊन आलेल्या माझ्या शहाण्या मित्रांनी विचारलं होतं की यात कलावंताचं काय? मीही तेव्हा हसून मान डोलावली होती.

चौथ्या दिवसापासून मी फक्त चुना कालवला.

८. नावं लिहावीत, बांध काढू नये

भिंतीवर काय काढायचं, यावर आठ दिवस गेले. फुलं, कळस, गणपती सगळं झालं. मग एका आजीनं शेतांची नावं घ्यायला सुरुवात केली. गाळवण, जांभळीचा मळा, तळीकडलं, भुताची पट्टी. तरुण सुनांना निम्मी माहीत नव्हती. एका नावाचा अर्थ कुणालाच लागेना. एक जण म्हणाला कानडी असेल, दुसरा म्हणाला कोकणी. असंच आहे हे. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला, तेव्हा त्यातला एकटा चंदगड तालुका इकडे ठेवून कोल्हापूरला जोडला. कागद कोल्हापूरला, बाजार बेळगावला, पोरं गोव्यात नोकरीला, आणि बोली या सगळ्यांना पुरून उरलेली.

ठरलं, गावाचा नकाशा काढायचा. ओढा, तळी, देवराई, शेतं. माझ्यातली विद्यार्थिनी खूश झाली. मी पाया म्हणून शेतांच्या हद्दी आखून दिल्या, अंदाजानं.

दुपारी दोन भाऊ आले. आधी एक, मग दुसरा. माझी एक तिरकी रेघ थोरल्याच्या बाजूला वीतभर सरकली होती. भिंतीवरची वीत म्हणजे शेतात किती गुंठे, याचा हिशेब दोघांनी माझ्यासमोर केला आणि तो वेगवेगळा आला. त्यांचा दावा कोर्टात होता. थोरल्यानं मोबाइलवर रेघेचा फोटो काढला. “चावडीवर लिहिलंय” म्हणजे पुरावा, हे त्या इमारतीच्या पूर्वायुष्यामुळे त्याला वाटणं साहजिक होतं. मला दरदरून घाम फुटला.

वाट आजीनं काढली. “बांध कशाला पाहिजेत? पाणी काढा, वाटा काढा, झाडं काढा. नाव मधे लिवा.” तसंच केलं. ओला थर खरवडून टाकला, नवा लिंपला. आता त्या नकाशात एकही हद्द नाही. ओढे आहेत, पायवाटा आहेत, मधे नावं आहेत, जशी बोलतात तशी. एका सद्गृहस्थांनी सुचवलं की नावं शुद्ध लिहावीत, शाळेतली मुलं वाचणार. बायकांनी ऐकून घेतलं आणि पुढचं नाव आणखी ठसक्यात लिहिलं.

गणपतीला मुंबईकर आले. एक जण आपल्या मुलाला उचलून भिंतीजवळ घेऊन गेला आणि ‘तळीकडलं’वर त्याचं बोट ठेवलं. शेत त्यानं चार वर्षांपूर्वी विकलंय, हे मला नंतर कळलं.

९. अहवालात खरं लिहावं, परिणाम भोगावे

बारा भिंतींपैकी एक. शाळेची भिंत मी स्वखर्चानं खरवडून चुन्यानं पांढरी केली, ती मोजली तर सव्वा. शेवटचा हप्ता बराच काळ अडकला. गंमत अशी की १९६६ सालीच, मधुबनीच्या दुष्काळाच्या सुमाराला, लंडनमध्ये बार्बरा स्टेव्हेनी आणि जॉन लॅथम यांनी आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुप काढला होता. कलावंताला कारखान्यात, सरकारी खात्यात पगारी बसवायचं, पण तो काय करून देणार हे आधी लिहून घ्यायचं नाही, ही त्यांची अट. साठ वर्षं होत आली. आपल्याकडे अजून भिंती मोजतात. यापुढे कुणी बोलावलं तर मी करारात तीन गोष्टी मागणार आहे: पहिला महिना कामाशिवाय, बायकांच्या हजेरीचा वेगळा आकडा, आणि पुढच्या पाच वर्षांच्या डागडुजीचे पैसे. तिसरी मागणी ऐकली की लोक हसतात.

१०. खालचे दोन फूट

पडवीला छप्पर असलं तरी वाऱ्यानं पावसाचे शिंतोडे आत येतात आणि भिंतीचे खालचे दोन फूट दर साली खराब होतात. म्हणून तिथे नक्षी केलीच नाही, नुसती काव-चुन्याची पट्टी ठेवली. दिवाळीला घर सारवतात तशी ती सारवायची.

मी निघून आल्यावर पुढच्या मे महिन्यात फोन आला. पट्टी करून झाली होती, काल. चुना दोन पाट्या लागला, काव घरचीच. नकाशात एक नाव राहिलं होतं, तेही घातलं. मी येऊ का, असं विचारलं, तर म्हणाल्या, बेंदराला या, शिंगं आहेत.